चिनी तारकामाचं जुनं ब्रेसलेट, कोरीव अकीकाच्या पाट्या: अवस्था कशी पारखावी?

रुपेरी
चांदीच्या तारकामावर सोन्याचा मुलामा असलेलं एक चिनी ब्रेसलेट घ्यायचा विचार आहे. सहा दुवे, प्रत्येकाच्या मधोमध लाल अकीकाची कोरीव पाटी, भोवती तारेची वेलबुट्टी आणि तिच्यात निळा-जांभळा मीना. दुवे बिजागरीने जोडलेत, टोकाला डबीचा खटका. खटक्याच्या जिभेवर रोमन अक्षरांत 'सिल्व्हर' आणि 'चायना' असे शिक्के आहेत. मालक १९२५-३५ च्या सुमाराचं म्हणतात. शनिवारी वस्तू दोन तास हाताळायला मिळणार आहे.

तपासणी कुठून सुरू करावी? कोणतं नुकसान चालवून घ्यावं आणि कशाला सरळ नाही म्हणावं? पाट्या मूळच्याच आहेत हे कशावरून ठरवावं? आलेले सगळे फोटो समोरून काढलेत.

भिंगवाला
रुपेरीताई, तपासणी पाठीमागून सुरू करा. कोरीवकाम शेवटी बघा. ते आधी बघितलं की नजर तिथेच अडकते आणि खरी दुखणी सुटतात. ती सांध्यांत आणि आधीच्या दुरुस्तीत असतात.

सोबत न्या: दहापट भिंग, छोटी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, डिजिटल कॅलिपर, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, लाकडी दातकोरणी, लहान निओडायमियम चुंबक, एक काळं आणि एक पांढरं कापड. मालकांना आजच सांगा की वस्तू पुसून चकाकवून ठेवू नका. मळ जागेवर असला की जुनं काम आणि नवं काम वेगळं ओळखू येतं.

पहिलं काम, दागिना टॉर्चसमोर धरून उजेड आरपार पाहणे. सहाही दुवे एकाच नमुन्याचे, म्हणजे नमुना हातातच आहे. सगळ्यात पूर्ण वाटणारा दुवा निवडा, त्याच्या एका कोपऱ्यातली वळणं मोजा आणि बाकीच्या पाच दुव्यांत तोच कोपरा मोजा. काळ्या कापडावर जाळी भरलेली भासते, उजेडासमोर गळालेली तार लगेच कळते.

दुसरं, सुटे झालेले डाख, म्हणजे धातू वितळवून जोडलेले सांधे. जाळीतली वळणं बाहेरच्या जाड चौकटीला जिथे टेकतात, तिथे दातकोरणीने अगदी हलकं दाबा आणि भिंगातून बघत राहा. वळण चौकटीसोबत हललं तर ठीक. वळण एकटंच हललं तर डाख सुटलाय. अशा कामात दोन बारीक तारा पिळून मग चपट्या करतात, म्हणून तारेच्या कडेला दोरीसारखे पीळ दिसतात. एखाद्या वळणाला पीळ नसेल आणि कड गुळगुळीत असेल तर ते नंतर घातलंय.

तिसरं, बिजागऱ्या. ब्रेसलेट एका टोकाला धरून, दुवे काठावर उभे राहतील असं आडवं करा. सगळीकडे सारखं झुकलं तर झीज वयाची आहे. एकाच सांध्यावर मोडल्यासारखं झुकलं तर तिथली नळी लंबगोल झालीय किंवा खिळी झिजलीय. मग प्रत्येक खिळीजवळ चुंबक न्या. ओढलं गेलं की ती पोलादाची, बहुधा बदललेली. ती गंजते आणि मऊ चांदीची नळी आतून खाते.

मंजिरी
दोन तासांतला पहिला अर्धा तास फक्त फोटोंना द्या, प्रत्येक दुवा पुढून, मागून आणि कडेने. घरी मोठ्या पडद्यावर निम्म्या गोष्टी तेव्हाच दिसतात.

डाखवाला
भिंगवाला यांनी नीट लिहिलंय. मी एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण या दागिन्यांचा सर्वांत मोठा घात तीच करते: कथील-शिशाचा डाख.

मूळ कारागीर चांदीचा डाख कानशीने किसून टाकणखारासोबत जाळीवर भुरभुरवतो आणि सगळं एकदम तापवतो. तो डाख साधारण ७०० ते ७८० अंश सेल्सिअसला वाहतो आणि तारांच्या फटीत शोषला जातो. सांधा जवळपास दिसतच नाही. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून पाटी न काढता, मीन्याला धक्का न लावता पटकन दुरुस्ती करायला तो वापरतात. भिंगातून तो करडा, मऊ, थेंबासारखा फुगलेला दिसतो. जाळीची भोकं त्याने बुजलेली असतात आणि नखाने ओरखडा उठतो.

दिसायला वाईट हा त्यातला लहान दोष. खरी गोम पुढच्या दुरुस्तीत आहे. शिसं लागलेली चांदी पुन्हा चांदीच्या डाखासाठी तापवली की शिसं आजूबाजूची चांदी खातं आणि बारीक तारांच्या जागी खळगे उरतात. आधी शिसं खरवडून काढावं लागतं. चौकटीच्या सपाट पट्टीवर ते जमतं, पाव मिलिमीटरच्या तारेवर जमत नाही. एकदा शिसं जाळीत शिरलं की ती जाळी कायमची अडकली.

म्हणून माझा नियम: तुटकी तार चालेल, सुटलेला डाख चालेल, जाळीत कथील असेल तर नाही.

हुपरीकर
डाखवाला, नियम जाळीपुरता मान्य. पण कथील फक्त बिजागरीच्या नळीवर किंवा खटक्याच्या तळाला असेल तर दागिना नाकारू नये. नळी कापून नवी बसवता येते, कारण ती जाळीच्या बाहेर चौकटीला लागलेली असते. मात्र काम करणाऱ्याने चौकटीवरचं कथील पूर्ण उतरवल्याशिवाय भट्टी लावू नये. कथिलाचे डाग किती हे महत्त्वाचं नाही, कुठे हे महत्त्वाचं.

आणि वजनही करा. दुवे सुटे करता येणार नाहीत, पण प्रत्येक दुव्याची जाडी कॅलिपरने चार कोपऱ्यांत मोजा. एखादा दुवा कोपऱ्यात ठळकपणे जाड भरला तर तिथे डाख ओतलाय.

डाखवाला
बिजागरीबाबत सहमत. फक्त ते काम पाट्या काढून, आणि मीना सांभाळून. मीना ७५० ते ८५० अंशांना भाजलेली काच असते. चांदीच्या डाखाची आच तिच्याजवळ गेली की ती तडकते किंवा पुन्हा वाहते. मीन्याशेजारच्या दुरुस्तीला लेझर वेल्डिंगच बरं, तेही चांदीवर काम केलेल्या माणसाकडून. चांदी प्रकाश परतवते आणि उष्णता झटकन पसरवते, त्यामुळे सोन्याला चालणारी मात्रा तिला चालत नाही.

अकीक
आता पाट्यांकडे. तीन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची गल्लत करू नका: दगड कोणता, अवस्था कशी, आणि मूळचा आहे का.

दगड: कार्नेलियन, म्हणजे लाल अकीक, हा क्वार्ट्‌झ कुळातला, मोह्‌ज कठिणता ६.५ ते ७, वक्रीभवनांक (दगडात प्रकाश किती वळतो तो आकडा) १.५३-१.५४. त्याची नक्कल बहुतेक साच्यातल्या काचेची किंवा रेझिनची. साच्यातल्या मालात फुलाच्या पाकळीची कड वितळल्यासारखी गोल असते, खोलगट भागात बुडबुडे सापडतात आणि कडेने साच्याची रेघ धावते. खऱ्या कोरीवकामात हत्याराने दगड काढलेला असतो. खळग्यांच्या तळाशी फिरत्या हत्याराच्या गोल खुणा आणि छिद्र पाडल्याचे टिंब दिसतात, वरचा भाग चकचकीत आणि तळ काहीसा मंद असतो. तळातही एकसारखे, धारदार, समांतर ओरखडे दिसले तर डायमंड बरचा, म्हणजे हिऱ्याची पूड लावलेल्या आधुनिक फिरत्या टोकाचा, संशय घ्या. सुईने ओरखडून कठिणता तपासायचा मोह टाळा. कारण ती परीक्षा नुकसान करूनच उत्तर देते.

अवस्था: तडा आणि नैसर्गिक शीर यांत गोंधळ होतो. टॉर्च कडेने अगदी आडवी धरा आणि पाटी सावकाश फिरवा. तडा असेल तर एका कोनात आतलं पातळ प्रतल आरशासारखं चमकतं आणि विझतं. शीर तशी चमकत नाही, ती सगळ्या कोनांतून रंगाचा पट्टा म्हणूनच दिसते. तडा कोंदणाच्या पट्टीखाली जात असेल तर त्याचं दुसरं टोक पाठीमागून शोधा. समोर दिसणारा कोपऱ्यातला टवका लहान वाटतो, पट्टीखाली तो बराच आत गेलेला असू शकतो.

मूळ: एका दगडाच्या पाट्या असूनही रंगात थोडा फरक असतोच, त्यावर अडू नका. जाडी मोजा. पाचांची जाडी सारखी आणि सहावीची वेगळी असेल, किंवा एका पाटीखाली पोकळी भरायला कागद, लाख, मेण असं काही दिसेल, तर ती बदललेली. कोंदणाची पट्टी भिंगाखाली बघा. एकदाच बसवलेल्या पट्टीची कड सलग वळते. पाटी काढून पुन्हा बसवली असेल तर पट्टीवर उचकटल्याच्या खाचा आणि दाबणीचे ठसे राहतात. नक्षीभोवतीचा काठ चारही बाजूंनी मोजा. एका बाजूला तो अरुंद असेल तर टवका लपवायला पाटी घासून लहान केलीय.

रुपेरी
अकीक, पाट्या हिरव्या जेडच्या असत्या तर हेच निकष लागले असते?

अकीक
अवस्थेचे लागले असते. ओळखीसाठी आकडे बदलतात. जेड या नावात दोन दगड येतात: नेफ्राइटचा वक्रीभवनांक १.६१ च्या आसपास, जेडाइटचा १.६६. सर्पेंटाइन दिसायला जवळचा पण त्याहून मऊ. जेडमध्ये आणखी एक धोका आहे. आम्लाने धुऊन आत पॉलिमर भरलेलं जेडाइट १९८० च्या दशकात बाजारात आलं. असं जेडाइट १९३० च्या म्हणवल्या जाणाऱ्या चौकटीत निघालं तर पाटी नंतरची, वाद संपला. अतिनील प्रकाशात ते बरेचदा निळसर उजळतं, पण पक्कं उत्तर प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड तपासणीनेच मिळतं.

मंजिरी
अतिनील टॉर्चचा विषय निघालाच आहे तर: खोली अंधारी करा आणि आधी कोंदणांच्या कडा बघा. इपॉक्सी गोंद निळसर-पांढरा उजळतो. मग मीना. निघालेल्या मीन्याच्या जागी रंग किंवा रेझिन भरलेलं असेल तर ते शेजारच्या भाजलेल्या मीन्यापेक्षा वेगळं दिसतं. साध्या उजेडातही कळतं: भाजलेला मीना दोन तारांच्या मधल्या घरातच थांबतो, भरलेला रंग तारेवर चढतो.

गोंद दिसला म्हणून घाबरू नका. तो का लावला ते शोधा. कोंदणाची पट्टी शाबूत असून गोंद असेल तर पाटी सैल वाजत होती इतकंच. पट्टी तुटलेली असून पाटी निव्वळ गोंदावर टिकली असेल तर पट्टी नवी करण्याचा खर्च धरा.

सोनसळी
मुलाम्याबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या मते मुलामा निम्म्याहून जास्त गेला असेल तर घेऊ नये. या दागिन्यांचं सौंदर्यच त्यात आहे.

भिंगवाला
सोनसळी, इथे मी असहमत. गेलेला मुलामा ही प्रामाणिक झीज आहे. उंच भागांवरून, पाठीमागे मनगटाला लागतो तिथून आणि खटक्याजवळून तो आधी जातो. मला भीती नव्याने चढवलेल्या मुलाम्याची वाटते, कारण तो सहसा काहीतरी झाकायला चढवतात. खुणा अशा: बिजागरीच्या घासणाऱ्या कडेवरही पूर्ण सोनं, खळग्यातल्या मळावरून गेलेलं सोनं, आणि तारेचा पीळ बुजल्यासारखा. डाखाच्या थेंबावर सोनं असेल तर सरळ हिशेब आहे: आधी दुरुस्ती, मग मुलामा.

सोनसळी
खळग्यातल्या मळाची खूण पटली. पण मुलामा गेल्यावर चांदी काळी पडत राहते आणि लोक ती घासत राहतात, म्हणजे नुकसान पुढे चालूच. उरलेल्या मुलाम्यावर काळे ठिपके किती आहेत तेही बघा. मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून सल्फाइड वर येतं. ते पॉलिशने घासलं की ठिपक्यासोबत सोनंही निघतं.

भिंगवाला
हे अगदी बरोबर. हिरवट, मेणचट थर दिसला तर तोही नोंदवा. तो चांदीत मिसळलेल्या तांब्याचा, घामाने आणि दमटपणाने आलेला. जाळीच्या आतल्या बाजूला तो जास्त असेल तर तारा तिथे बारीक झाल्यात का ते मोजा.

कोकणपट्टी
दमट हवेत राहिलेल्या दागिन्यांसाठी रिठ्याचं पाणी चालतं का? बरेच सराफ सांगतात.

डाखवाला
तारकामाला नको. रिठा, चिंच, चांदी बुडवायचे द्राव, टूथपेस्ट, ॲल्युमिनियमची पन्नी आणि गरम सोडा, सगळं वर्ज्य. द्राव फटीत आणि बिजागरीच्या नळीत शिरतो आणि धुऊन निघत नाही. पेस्टची पांढरी भुकटी जाळीत वाळून दगडासारखी बसते. गरम पाण्याने मीन्याचे बारीक तडे वाढतात. अल्ट्रासॉनिक यंत्राने तर सुटत आलेले डाख सुटतातच. मऊ कोरडा ब्रश आणि गरजेपुरता डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओला केलेला कापूस, इतकंच. तेही खरेदीनंतर.

कसोटी
शिक्क्यांवर एक सूचना. तारकामात शिक्का मारायला सपाट जागाच नसते, म्हणून तो जिभेवर किंवा चिकटवलेल्या चिमुकल्या पत्र्यावर असतो. म्हणजे तो शिक्का खटक्याबद्दल बोलतो. खटका बदललेला असेल तर बाकी दागिन्याबद्दल त्याने काहीच सिद्ध होत नाही. खटक्याच्या आणि दुव्यांच्या मुलाम्याची छटा, तारेची जाडी आणि नळीचा व्यास जुळवून बघा.

काळ ठरवायला शिक्का थोडी मदत करतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं, ते १८९१ पासून. म्हणून 'चायना' हा शिक्का साधारण त्यानंतरचा. पुढे १९५० च्या अखेरीपासून १९७१ पर्यंत अमेरिकेने चीनशी व्यापारच बंद ठेवला होता, आणि १९७० च्या दशकात असे दागिने पुन्हा तिकडे जाऊ लागले. त्यामुळे शिक्का एकटा १९२५ आणि १९७५ यांत फरक करत नाही. तो कामातून करावा लागतो.

चांदीचा कस पाहायला कसोटीवर घासू नका. कॅरेटोमीटर, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र, वापरायचा तर आकडा जपून वाचा: मुलाम्याखालची चांदी आणि वरचं सोनं दोन्ही मिसळून येतं, शिवाय जाळीच्या भोकांमुळे मापन डळमळतं. त्याचा खरा उपयोग डाखाच्या जागी आहे. शिसं आणि कथील लगेच दिसतात. कॅडमियम दिसलं तर केडीएमसारख्या, म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या, अलीकडच्या डाखाची शंका घ्या.

सातासमुद्र
न्यू जर्सीहून वाचतोय. असा दागिना भारतात घेऊन इकडे आणता येईल का?

कसोटी
शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९२५ च्या आसपासचा दागिना आज नेमका त्या सीमेवर आहे. नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या.

कोकणपट्टी
अवांतर: मुंबईत चिनी तारकाम इतकं कसं सापडतं?

मंजिरी
पारशी व्यापाऱ्यांचा चीनमधल्या कॅन्टन बंदराशी अठराव्या शतकापासून व्यापार होता. गाऱ्याच्या, म्हणजे चिनी भरतकामाच्या, साड्या, चिनी मातीची भांडी आणि चांदीकाम त्या वाटेने आलं. त्याच घरांत हस्तिदंताच्या कोरीव पाट्यांचे दागिनेही असतात. त्यांना मात्र हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. पाटीच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. बारीक काळे ठिपके किंवा छोट्या रेघा दिसल्या तर हाड.

रुपेरी
सर्वांचे मनापासून आभार. वस्तू पाहून आले, निष्कर्ष लिहिते.

जाळी: पाच दुवे पूर्ण. चौथ्या दुव्यात डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात दोन वळणं नाहीत, एक सुटं आहे पण जागेवर आहे. जाळीत कथील कुठेही नाही.
बिजागऱ्या: दुसऱ्या आणि तिसऱ्या दुव्यामधली खिळी चुंबकाला लागली. नळीच्या तळाशी करडा डाख आहे, चौकटीच्या पट्टीपर्यंत आलेला.
पाट्या: पाचांची जाडी २.९ ते ३.१ मिलिमीटर, सहावीची २.३. तिच्याखाली पिवळसर मेणासारखं काहीतरी आहे आणि पट्टीवर खाचा आहेत. कोरीवकाम तसंच, पण काठ वरच्या बाजूला अरुंद.
खटका: मुलाम्याची छटा दुव्यांशी जुळते. बंद होतो पण आवाज येत नाही, हलक्या ओढीने सुटतो.

हुपरीकर
घेण्यासारखं आहे. दुसरी बिजागरी बदलता येईल, कथील पट्टीवरच थांबलंय हे नशीब. काम देताना दोन अटी लेखी घ्या: दुसरी-तिसरी पाटी आधी काढायची, आणि कथील पूर्ण उतरल्याचं भिंगाखाली दाखवल्याशिवाय आच लावायची नाही. खिळी चांदीची घालायला सांगा. ती झिजली तर पुन्हा बदलता येते, नळी वाचते.

डाखवाला
खटक्याची जीभ मऊ पडलीय. तिच्या दोन पत्र्यांमध्ये पातळ पातं घालून थोडी उघडली तर काही दिवस काम देईल. पण ती आधी कधी तापवली गेली असेल तर चांदीतला ताठरपणाच गेलेला असतो, मग नुसती उघडून पुन्हा मिटेल. तेव्हा जीभ हलक्या हातोडीने ठोकून ताठ करावी लागते, शिक्का मधे असल्यामुळे तो वाचवून. तोपर्यंत सुरक्षेची बारीक साखळी लावूनच घाला.

अकीक
सहावी पाटी बहुधा बाहेरून आणून नव्हे, तीच घासून पुन्हा बसवलीय. नक्षी जुळते, वरचा काठ अरुंद आणि जाडी कमी, म्हणजे वर टवका उडाला असणार आणि मागूनही समतल केली असणार. किंमत ठरवताना हे 'बदललेली पाटी' म्हणून नको, 'कमी केलेली पाटी' म्हणून मांडा. दोन्हींत फरक आहे, मूळ दगड टिकणं मोलाचं आहे. मेण काढायची घाई करू नका, पाटी हलत नसेल तर तसंच राहू द्या.

भिंगवाला
चौथ्या दुव्यातली दोन वळणं भरूच नका. नुकसान स्थिर आहे आणि भरायला आच लागेल. सुटं वळण तेवढं लेझरने टेकवून घ्या, कारण ते कपड्यात अडकून शेजारची तार ओढेल. खर्चाचा हिशेब बिजागरी, जीभ आणि हे वळण असा तीन कामांचा करा आणि तो वजा करूनच आकडा सांगा.

रुपेरी
ठरलं तर मग, तसंच बोलते. दुरुस्ती होईपर्यंत ठेवायचं कसं?

सोनसळी
आडवं, सपाट. लटकवू नका, सगळा भार त्या एका सैल बिजागरीवर येतो. आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पीव्हीसीची पिशवी, वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड यांपासून दूर. रबरातला गंधक चांदीला काळं करतो. गुंडाळताना प्रत्येक दुव्याच्या मागे कागदाची घडी ठेवा, म्हणजे सुटं वळण कशात अडकणार नाही.